जुन्या पुस्तकाचं नवं बाईंडिंग करू नका

आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची प्रत आहे. दुसरी आवृत्ती, मुंबईच्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापलेली, नऊशेवर पानांची. उचलायला दोन हात लागतात. कपाटातून काढली की टेबलावर लालसर भुकटी सांडते आणि काढणाऱ्याच्या तळहाताला, सदऱ्याला विटकरी रंग लागतो. कणा आणि कोपरे चामड्याचे, बाकी पुठ्ठ्यावर अबरी कागद. वरच्या पुठ्ठ्याचा सांधा पार फाटला होता आणि पुठ्ठा दोन दोऱ्यांवर कसाबसा लटकून होता.

गेल्या वर्षी कार्यकारी मंडळाच्या सभेत ‘जीर्ण ग्रंथांचे बाईंडिंग करून घेणे’ असा विषय आला. यादीत बेचाळीस पुस्तकं होती आणि मोल्सवर्थ सहाव्या क्रमांकावर. पुस्तकामागे ठरावीक दर, काळं किंवा मरून रेक्झिन, कण्यावर सोनेरी अक्षरांत नाव. कुणाच्याही मनात वाईट काही नव्हतं. पुस्तक फाटलंय, नीट करून आणू, एवढाच साधा विचार. मी त्या यादीतली नऊ पुस्तकं वगळा म्हणालो आणि त्यावरून तासभर वाद झाला.

हा वाद आमच्या एका वाचनालयापुरता असता तर लिहायला बसलो नसतो. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, नगरचं जिल्हा वाचनालय १८३८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं. शंभरी ओलांडलेली आणखी कितीतरी वाचनालयं लहान गावांत आहेत आणि त्यांच्या मागच्या खोलीत, बहुधा सर्वांत वरच्या फळीवर, चामडी बांधणीची पुस्तकं आहेत. त्यांचं पुढे काय होणार हे अशाच सभांमध्ये दहा मिनिटांत ठरतं. माझं म्हणणं असं आहे की शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची बांधणी उतरवून नवी चढवणं ही दुरुस्ती नाही, आणि सार्वजनिक पैसा त्यावर खर्च होता कामा नये. सांधा तेवढा दुरुस्त करावा, पुस्तकाला पेटी करावी, आणि तेही जमत नसेल तर धुतलेल्या सुती कापडात बांधून ते आडवं ठेवून द्यावं.

मी हे इतक्या ठामपणे म्हणतो याला कारण घडलेलं आहे. काही वर्षांपूर्वी १८८०च्या दशकातल्या एका मासिकाचा बांधीव खंड आम्ही असाच जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवला होता. मूळ बांधणी चामड्याची, जुजबंदीची, म्हणजे एकेक फॉर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, घडीतून दोऱ्यानं शिवून मग सगळे फॉर्मे पाठीमागच्या दोऱ्यांना बांधलेले. असं पुस्तक टेबलावर सपाट उघडतं आणि हात न लावता उघडं राहतं. त्या खंडाच्या समासांत कुणा जुन्या वाचकानं मोडीत बारीक टिपा लिहिल्या होत्या. दीड महिन्यानं खंड परत आला तेव्हा रेक्झिन चकचकीत होतं, कणा ताठ होता आणि तिन्ही कडा मशीनवर सारख्या कापलेल्या होत्या. टिपांच्या ओळी निम्म्या उडाल्या होत्या. मोडीची अक्षरं वरच्या रेघेपासून लोंबतात. काही पानांवर नुसती ती रेघ उरली होती, खाली अक्षर नाही. शिवाय जुनी शिवण उसवून पानांच्या बाजूनं आरपार भोकं पाडून ती शिवली होती. आता तो खंड निम्माच उघडतो आणि आतल्या समासाजवळचा मजकूर वाचायचा तर पान दाबावं लागतं. दाबलं की ते तुटतं, कारण त्या काळचा लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लानं ठिसूळ झालेला असतो. दुरुस्तीनंतरच्या चार वर्षांत त्या खंडाची जेवढी पानं सुटली तेवढी आधीच्या सव्वाशे वर्षांत सुटली नव्हती.

मी बायंडरमामांकडे गेलो होतो. भांडायला गेलो होतो हे खरं. ते म्हणाले, “सर, कडा सारख्या केल्याशिवाय पुस्तक दिसतं का? तुमच्याच चिठ्ठीत लिहिलंय, नव्यासारखं करून द्या.” चिठ्ठी दाखवली. खरंच तसं लिहिलं होतं. त्यांनी सांगितलेलं काम चोख केलं होतं. चूक चिठ्ठीत होती.

चामड्याचं काय होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण बहुतेक चुकीचे उपाय तिथल्याच गैरसमजातून येतात. ती लाल भुकटी म्हणजे धूळ नव्हे, कीड नव्हे, बुरशीही नव्हे. ते चामडंच असतं. वनस्पतींच्या सालीत कमावलेलं चामडं हवेतला गंधकाचा धूर शोषतं. तो धूर दगडी कोळशाचा असेल, गॅसच्या दिव्यांचा असेल किंवा आता गाड्यांचा आणि कारखान्यांचा. चामड्यात त्याचं हळूहळू गंधकाम्ल होतं आणि ते चामड्याचे तंतू तोडत जातं. मग पृष्ठभाग सुटतो आणि बोट लावलं तरी भुगा पडतो. तुटलेले तंतू पुन्हा जोडण्याची विद्या आजवर कुणाला साधलेली नाही. अशा चामड्याला जपता येतं, बरं करता येत नाही.

सगळं चामडं सारखं सडत नाही, आणि या गोष्टीचा आपल्या मातीशी थेट संबंध आहे. पुस्तकांची चामडी इतकी लवकर का जातात हे पाहायला लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं १९०० साली एक समिती नेमली होती. समितीनं ग्रंथालयं पाहिली, वेगवेगळी चामडी तपासली आणि ठपका प्रामुख्यानं कमावण्याच्या द्रव्यावर ठेवला. हिंदुस्थानातून जाणारं, तिकडच्या बाजारात ‘पर्शियन’ म्हणून विकलं जाणारं शेळ्यामेंढ्यांचं स्वस्त चामडं समितीनं अत्यंत वाईट ठरवलं. त्यात बांधलेली पुस्तकं वर्षाच्या आत खराब होऊ लागल्याचं दिसलं होतं, आणि उजेडात फळीवर ठेवलेलं असं पुस्तक पाच-सहा वर्षांपलीकडे टिकणार नाही असं त्या समितीचं मत पडलं. वाईट द्रव्यांमध्ये ‘टर्वर’ नावाच्या सालीचा उल्लेख येतो. टर्वर म्हणजे आपला तरवड. देशावर माळरानावर, बांधावर पिवळ्या फुलांचं जे झुडूप दिसतं, तेच. उलट सह्याद्रीतल्या हिरड्याची जात वेगळी. त्यातलं टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारं द्रव्य, चामड्याला जास्त टिकवतं. आपल्याकडे ढोर आणि चांभार समाजातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या बाभूळ, तरवड, हिरडा वापरून कातडी कमावली. कुठली साल कशाला चालते ही जाण त्यांची होती. पुस्तकाच्या कण्यावर लेखकाचं नाव सोन्यात उठतं. चामडं कमावणाऱ्याचं आणि बांधणाऱ्याचं नाव कुठेच नसतं, आणि त्यांनी केलेल्या कामाचा एकमेव पुरावा म्हणजे ती बांधणी. तीच आपण उतरवून टाकतो.

तेलाचं बोलायला हवं, कारण सभेत कुणीतरी तेच सुचवलं. चामडं कोरडं पडलंय ना, मग तेल लावा. कुणी खोबरेल म्हणालं, कुणी एरंडेल, एकानं बुटाचं पॉलिशही सुचवलं. चप्पल मऊ पडते म्हणून पुस्तकही पडेल असं वाटणं स्वाभाविक आहे. परदेशातल्या मोठमोठ्या ग्रंथालयांनीही विसाव्या शतकात हेच केलं. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल आणि लोकरीतलं मेण एकत्र करून चामड्यावर चोळत असत. नंतर परिणाम दिसू लागले. चामडं काळपट पडलं, चिकट झालं, धूळ धरू लागलं, तेल आत कागदात उतरलं. सडण्याची क्रिया काही थांबली नाही. आता ग्रंथसंवर्धक तेलाला हात लावत नाहीत. आमच्याकडच्या पावसाळ्यात तर तेलकट चामडं म्हणजे बुरशीला आवतणच.

आपल्या लेखनिकांना हे ठाऊक होतं. जुन्या पोथ्यांच्या शेवटी एक श्लोक हमखास सापडतो:

तैलाद् रक्षेज्जलाद् रक्षेद् रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका, असं पुस्तक सांगतं. लेखनिकाच्या डोळ्यांसमोर दिव्याचं तेल असणार. पण पाण्याच्याही आधी तेलाचं नाव आहे, आणि बांधणीला पाण्याच्या बरोबरीचं स्थान आहे. मी सभेत हा श्लोक म्हटला. तिसरा चरण म्हणताना कुणाकडे पाहिलं नाही, कारण तो मला स्वतःलाही लागू होता. मासिकाचा तो खंड पाठवण्याच्या ठरावावर माझीही सही होती.

मग योग्य दुरुस्ती कशी असते? मोल्सवर्थसाठी आम्ही एका ग्रंथसंवर्धक बाईंना बोलावलं. त्या दोन दिवस राहिल्या. पहिल्या दिवशी सकाळभर त्यांनी पुस्तकाला फारसा हातच लावला नाही. फोटो काढले, मापं घेतली, कुठे काय फाटलंय ते वहीत लिहिलं. मग मऊ ब्रशनं एकेक पान उघडून घडीतली धूळ, कसरीची घाण झाडली. एका घडीत वाळलेलं पिंपळपान निघालं. ते त्यांनी कागदाच्या पाकिटात घालून, कुठल्या पानात होतं ते वर लिहून ठेवलं. त्यानंतर अल्कोहोलमध्ये विरघळवलेला सेल्युलोजचा एक पातळ द्राव ब्रशनं चामड्यावर लावला. त्यानं भुगा जागच्या जागी धरला जातो. चामडं सुधारत नाही, पण हाताला लागणं थांबतं.

कणा सुटा करणं हे सर्वांत नाजूक काम. जुन्या कण्याचं चामडं खालून पातळ पट्टीनं बोटभर सरकत सरकत उचलायचं. ते निघताना तीन तुकडे झाले. त्यांनी तिन्ही क्रमानं मांडून ठेवले. आत पाठीवर जुना सरस काचेसारखा कडक झाला होता. त्यावर गव्हाच्या सत्त्वाची घट्ट खळ थापून तो मऊ होईपर्यंत थांबायचं, मग हाडाच्या पट्टीनं हळूच खरवडून काढायचा. सरसाखाली कागदाची एक अरुंद पट्टी चिकटवलेली निघाली आणि तिच्यावर मोडीतले आकडे होते. कुणाच्या तरी हिशेबाच्या वहीचा कागद, बांधणाऱ्यानं अस्तराला वापरलेला. म्हणजे ही बांधणी विलायतेहून आलेली नव्हती, इथल्या कुणा माणसानं इथल्याच रद्दीतून केलेली होती. आमच्या वाचनालयाच्या इतिहासावर दोन स्मरणिका निघाल्या आहेत. त्यांत नसलेली ही गोष्ट त्या पट्टीनं सांगितली. पुस्तक रेक्झिनला गेलं असतं तर ती पट्टी दुकानाच्या केरात गेली असती आणि असं काही होतं याची खबरही कुणाला लागली नसती.

शिवण शाबूत होती, म्हणून बाईंनी तिला हात लावला नाही. पाठीवर जपानी कागदाचे दोन थर दिले. हा तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद असतो, लांब तंतूंचा, हातानं फाडला तर कडेला कापसासारखी लव दिसते. त्याच कागदाला विटकरी रंग देऊन त्यानं पुठ्ठा पुन्हा जोडला आणि वर जुन्या कण्याचे तीन तुकडे परत बसवले. दुरुस्ती जवळून दिसते. बाईंनी ती लपवली नाही. लांबून पुस्तक १८५७चं दिसतं, जवळून कुठे काय जोडलंय ते कळतं. सगळं गव्हाच्या खळीनं जोडलेलं असल्यामुळे उद्या कुणाला आणखी चांगलं काही करता आलं तर ओल देऊन हे सगळं सोडवता येईल.

खळीवरून आठवलं. आमचे बायंडर खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. सगळीकडेच घालतात. मोरचुदातलं तांबं कागदाला आणि चामड्याला हळूहळू खातं, हे बाईंनी सांगितल्यावर मामा बराच वेळ गप्प राहिले. त्यांना मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. दोन्ही दिवस ते शेजारी खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी जपानी कागदाची पट्टी त्यांनीच लावली आणि ती एकही बुडबुडा न राहता बसली. चाळीस वर्षं खळ लावलेला हात होता तो. मला सर्वांत मोठी आशा तिथे दिसते. जुजबंदी येणारी माणसं अजून आहेत, पण थोडीच. हल्ली पुस्तकं पाठीला गरम गोंद लावून चिकटवली जातात, शिवतं कोण? या माणसांना काम मिळालं नाही तर दहा-पंधरा वर्षांत जुन्या पुस्तकाची शिवण ओळखणाराही जिल्ह्यात सापडणार नाही.

आता विरोधी मुद्दे. पहिला आणि सर्वांत जोरकस: मोल्सवर्थ तर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकून शोधता येतो, पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनानं १९७५ साली त्याचं पुनर्मुद्रणही केलं, मग त्या सडक्या चामड्यावर पैसे का घालवायचे? स्कॅन करा आणि मोकळे व्हा. या मुद्द्यातली अर्धी गोष्ट मला मान्य आहे. शब्दाचा अर्थ हवा असेल त्यानं ऑनलाइन कोशच पाहावा, मीही तेच करतो. स्कॅनमुळे मूळ प्रत कमी हाताळली जाते, तेवढा तिचा जीव वाचतो. पण स्कॅनमध्ये छापलेला मजकूर येतो. मोडीची पट्टी येत नाही, शिवण येत नाही, कागदाला उजेडासमोर धरल्यावर दिसणारी जाळी येत नाही. आणि शिकागोच्या पडद्यावर दिसतो तो कोश, आमची प्रत नव्हे. आमच्या प्रतीवर दाखल क्रमांक आहे, देणगी देणाऱ्याची सही आहे, ‘तरवड’ ते ‘तळ’ या पानांवर शाईचा सांडलेला डाग आहे. शिवाय स्कॅनिंग म्हणजे पुस्तकाला धक्का लागणार नाही असं समजू नका. पुस्तक पालथं घालून काचेवर दाबणाऱ्या यंत्रावर चामडी बांधणी ठेवली तर सांधा हमखास फुटतो. पुस्तक इंग्रजी व्ही अक्षरासारखं अर्धवट उघडं ठेवणारा पाळणा आणि वरून कॅमेरा, एवढंच चालतं. स्कॅनिंगचं कंत्राट देताना ही अट किती वाचनालयं घालतात?

छापलेलं आहे म्हणजे कुठे ना कुठे प्रत उरणारच, हा भरवसाही खोटा आहे. फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण गोव्यात १६१६ साली छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापलं गेलं. ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ म्हणून मराठीची थोरवी गाणाऱ्या या ग्रंथाच्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज कुठे असल्याची माहिती नाही. आपल्यापर्यंत ते पोचलं हस्तलिखित प्रतींमुळे. तीन आवृत्त्या निघूनही ही गत. आपल्याकडे छापलेल्या पुस्तकाची सरकारदरबारी नोंद करून प्रत देण्याचा कायदा १८६७ साली आला. त्याआधी छापलेलं जे आहे, ते कुणीतरी विकत घेतलं, बांधून घेतलं, वाचनालयाला दिलं आणि वाचनालयानं टाकलं नाही, म्हणून आहे.

आणि अशा पुस्तकांना धोरणात जागाच नाही. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ साली सुरू झालं, त्यानं देशभर पोथ्यांची नोंद केली, संवर्धनाची केंद्रं उभी केली. चांगलं काम. पण त्याच्या व्याख्येनुसार हस्तलिखित म्हणजे हातानं लिहिलेलं, किमान पंचाहत्तर वर्षं जुनं. छापील आणि शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली, पुस्तकं त्यात बसत नाहीत. २०२५च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेलं ज्ञान भारतम मिशनही हस्तलिखितांसाठीच आहे. इकडे राज्याच्या १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली जे अनुदान मिळतं ते वाचनालयाच्या वर्गानुसार मिळतं, आणि पगार, नवी पुस्तकं, वर्तमानपत्रं यांत ते संपून जातं. त्यामुळे १८२०च्या आसपासची पोथी आणि १८४०च्या आसपासचं शिळाछापाचं पुस्तक एकाच कपाटात शेजारी असली, तर पोथीला दिल्लीहून मदत मिळू शकते आणि पुस्तक ‘जीर्ण’ या शेऱ्याखाली बाईंडिंगला किंवा निर्लेखनाला, म्हणजे नोंदीतून काढून टाकायला, जातं. मराठीतलं सुरुवातीचं छापील वाङ्‌मय हस्तलिखितांइतकंच दुर्मीळ आहे. अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद आपण २०२४ साली केला. त्या आनंदातला थोडा पैसा या कपाटांपर्यंत यावा, ही माझी मागणी आहे.

दुसरा आक्षेप आमच्या अध्यक्षांचा होता आणि तो मी हलका मानत नाही. ते म्हणाले, “वाचनालय म्हणजे संग्रहालय नव्हे. पुस्तक वाचायला असतं, पेटीत घालून हळदकुंकू वाहायला नसतं.” बरोबर आहे. म्हणूनच बेचाळीसपैकी तेहतीस पुस्तकं बाईंडिंगला जाऊ द्या असं मी म्हणालो. ज्या पुस्तकाच्या प्रती बाजारात मिळतात, ज्याची मूळ बांधणी पूर्वीच गेलेली आहे, ज्याला आधीच एकदा रेक्झिन चढलंय, त्याची बांधणी जपण्यात अर्थ नाही. ते मजबूत शिवावं आणि वाचकाला द्यावं. वाचनालयानं दुर्मीळ म्हणून राखायची पुस्तकं फार नसतात. आमच्याकडे पंधरा हजारांच्या वर पुस्तकं आहेत आणि मी ज्यांच्यासाठी भांडतोय ती साठच्या आत भरतील. या साठांनाही मी कुलूप लावा म्हणत नाही. उशीवर ठेवून, स्वच्छ कोरड्या हातांनी, कुणीही पाहावीत. पांढरे हातमोजे नकोत, त्यांनी पान चिमटीत धरता येत नाही आणि कोपरे फाटतात.

तिसरं म्हणणं असं की लहान गावांना हे झेपणार नाही, सगळी दुर्मीळ पुस्तकं मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांकडे सोपवा. एशियाटिक सोसायटीसारख्या संस्थेकडे अनुभव आहे, ग्रंथ दत्तक घेण्याची योजना आहे, हे खरं. जिथे छप्पर गळतंय आणि माणूसच नाही तिथून पुस्तक हलवावं, यात मला कमीपणा वाटत नाही. पण सगळं एका जागी आणणं हाही धोकाच आहे. १९६१च्या पानशेतच्या पुरात पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या, ५ जानेवारी २००४ला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ आणि २०२१ अशा दोन्ही वेळा पुराचं पाणी शिरलं. ४ नोव्हेंबर १९६६ला इटलीत फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आर्नो नदीचं पाणी शिरलं आणि लाखो ग्रंथ चिखलात गेले. आजचं ग्रंथसंवर्धन खऱ्या अर्थानं त्या चिखलात जन्मलं. तिथे काम केलेले पीटर वॉटर्स पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेले, आणि तिथून एक साधी पद्धत जगभर पसरली: हजारो पुस्तकं एकाच वेळी दुरुस्त करता येत नाहीत, तर आधी प्रत्येकाला जाड आम्लरहित पुठ्ठ्याची मापाची पेटी करा, आणि दुरुस्ती सवडीनं करा. पेटीमुळे उजेड अडतो, धूळ अडते, दमटपणाचे चढउतार सौम्य होतात, सुटलेला पुठ्ठा हरवत नाही.

आपल्याला ही कल्पना नवी वाटायचं कारण नाही. पेशवे दप्तरातले कागद रुमालात बांधलेले असत. पोथी दोन फळ्यांमध्ये, वर कापड. घरोघरच्या बासनांनी तीनशे वर्षं कागद राखला. आम्ही नऊ पेट्या करून घेतल्या, मामांकडूनच. पुठ्ठा मुंबईहून मागवला. खर्च रेक्झिनच्या बाईंडिंगहून थोडा जास्त आला, दुप्पट नाही. आठ पुस्तकांची दुरुस्ती अजून झालेली नाही, ती नुसती पेटीत आहेत, आणि मला त्यांची काळजी वाटत नाही.

एवढं तर प्रत्येक वाचनालय करू शकेल. बाकीच्यासाठी शासनानं पुढे यावं. ग्रंथालय संचालनालयानं जिल्ह्यामागे निदान एक प्रशिक्षित ग्रंथसंवर्धक नेमावा, तो फिरता असावा. जिल्ह्यात जे दोन-तीन जुने बायंडर उरले असतील त्यांना हाताशी धरून त्यानं काम करावं, त्यांना मानधन असावं. १९००पूर्वीचं कोणतंही पुस्तक त्याच्या लेखी संमतीशिवाय बाईंडिंगला जाऊ नये, निर्लेखित होऊ नये, सेलोटेप तर त्या खोलीत असूच नये. वातानुकूलन यंत्राची घाई करू नये. दिवसा चालू आणि रात्री बंद अशा यंत्रापेक्षा पंखा, जाळीची खिडकी आणि भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेलं कपाट आमच्या हवेत जास्त उपयोगी पडतं. लोखंडी कपाटाला पाठीमागे झरोके हवेत. हे सगळं मिळून एखाद्या जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवाच्या मांडवापेक्षा फार खर्चाचं होणार नाही, असा माझा अंदाज आहे.

ग्रंथपाल ताईंनी मोल्सवर्थची नोंद दाखल-वहीत नव्यानं केली. पूर्वी शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं ‘जीर्ण’ एवढंच होतं. ते त्यांनी खोडलं नाही. त्याच्याखाली शाईनं लिहिलं: वरचा सांधा जोडला, जपानी कागद, गव्हाची खळ, मोरचूद नाही. जुना कणा तीन तुकड्यांत, परत बसवला. शिवण मूळची. अस्तराची मोडी पट्टी पेटीत, वेगळ्या पाकिटात. पिंपळपान सोबत. मग खाली तारीख, बाईंची सही, आणि मामांनी थोडे आढेवेढे घेतल्यावर त्यांचीही.